वाढत्या छोट्या धंद्यात मार्केटिंगची सूत्रं कोणाकडे द्यावीत?

हळदीवाली | ८ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय पोटापाण्याचा आहे, तेव्हा मोकळेपणाने सांगा.

आमचं मसाल्याचं काम आहे, सांगलीपासून जवळच. सासूबाईंनी एका डंकावर मिरची कांडून द्यायला सुरुवात केली. गेल्या नऊ वर्षांत मी आणि मिस्टरांनी ते वाढवलं. हळद, कांदा-लसूण चटणी (पुण्या-मुंबईकडचे मसाला म्हणतात तीच), गोडा मसाला, मेतकूट, असे एकूण १७ प्रकार. गेल्या आर्थिक वर्षात उलाढाल १ कोटी ८० लाख झाली. कामाला १४ बायका. निम्मा माल दुकानांतून जातो, थोडा केटरर घेतात, बाकीचा पार्सलने थेट घरोघरी.

अडचण अशी की माल कसा करायचा ते आम्हाला येतं, विकायचा कसा हे प्रत्येक वेळी नव्याने सुचेल तसं चाललंय. मागच्या दिवाळीला एका जाहिरात एजन्सीच्या सांगण्यावरून ४ लाख २० हजार घातले. गिफ्ट बॉक्स, रील, दोन इन्फ्लुएन्सर. नवीन ऑर्डरी आल्या ६४०. फार आनंद झाला होता. परवा हिशोब काढला, त्या ६४० पैकी वर्षभरात परत माल मागवणारे फक्त ३१ निघाले.

आता तीन पर्याय समोर आहेत. एक, मोठ्या कंपनीत काम केलेला मार्केटिंग मॅनेजर पूर्णवेळ, महिना ८० हजार. दोन, तीच एजन्सी, महिना ४५ हजार आणि जाहिरातीचे पैसे वेगळे. तीन, मिस्टरांच्या ओळखीतले एक गृहस्थ, २२ वर्षं याच धंद्यात, ते महिन्याला चार दिवस देतील आणि ६० हजार घेतील. याला म्हणे हल्ली फ्रॅक्शनल सीएमओ, म्हणजे अर्धवेळ मार्केटिंग प्रमुख, म्हणतात. तुम्ही कोणी असं केलंय का? काय पदरात पडलं?

घाटावरचा | ८ नोव्हेंबर, रात्री १०:४१

ताई, ६४० पैकी ३१ हा आकडा तुम्ही काढलात हीच मोठी गोष्ट. निम्मे धंदेवाले हा आकडा काढतच नाहीत. वाचतोय.

सोलापुरी_टर्किश | ८ नोव्हेंबर, रात्री ११:१५

पर्याय एकचा अनुभव सांगतो. आमचं टॉवेल-नॅपकिनचं काम, २४ माग. २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीतून आलेला माणूस पूर्णवेळ ठेवला. माणूस हुशार, सरळ, कष्टाळू. मी त्याला आजही दोष देत नाही. पण तो जिथून आला तिथे त्याच्या हाताखाली नऊ जण होते, संशोधन करणारी वेगळी कंपनी होती, जाहिरातीचं बजेट कोटींत होतं. आमच्याकडे त्याला बसायला टेबल दिलं, एक लॅपटॉप दिला, आणि मी म्हणालो, चला, करा सुरू.

पहिल्या महिन्यात त्याने ४० पानांचं सादरीकरण केलं. दुसऱ्या महिन्यात मी विचारलं की विक्री कधी वाढणार. तिसऱ्या महिन्यात तो स्वतःच ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून गठ्ठे कुठे अडकले ते विचारत होता, कारण दुसरं कोणी नव्हतं. ११ महिन्यांनी गेला. ज्या कामासाठी आणलं ते काम झालंच नाही, कारण ते करायला खाली हात नव्हते आणि मी त्याला भाव बदलायचा अधिकारही दिला नव्हता. भाव मीच ठरवणार, दुकानदाराची उधारी मीच ठरवणार, मग त्याने करायचं काय? फक्त पत्रकं छापायची.

आकडेमोड | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

मी सीए आहे, त्यामुळे आधी पाटी-पेन्सिल.

मसाल्यात तुमचा ढोबळ नफा २८ टक्के धरू. ८० हजारांचा माणूस म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार. तेवढे निघायला साधारण ३४ लाखांची जादा विक्री लागेल, आणि ती झाली तरी नुसता त्याचा पगार सुटला, जाहिरातीचा रुपया अजून निघालेला नाही. चार दिवसवाले गृहस्थ वर्षाला ७ लाख २० हजार, म्हणजे पावणेसव्वीस लाखांची जादा विक्री. एजन्सीचे ५ लाख ४० हजार आणि जाहिराती वेगळ्या.

आता तुमच्या दिवाळीचं बघू. ४ लाख २० हजार भागिले ६४०, म्हणजे एक गिऱ्हाईक मिळवायला ६५६ रुपये. एका बॉक्सवर तुम्हाला किती सुटले? १५०-२०० सुटले असतील तर पहिल्या ऑर्डरीला तोटाच आहे. तो तोटा भरून निघतो दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या ऑर्डरीवर. तिथेच तुमचं गाडं अडलंय. म्हणून माझ्या मते प्रश्न "कोणाला ठेवू" हा नंतरचा आहे. आधी बघायला हवं की परत येतात ते कोण, आणि का येतात.

पेठकरी | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

मला हे सगळं सल्लागारांचं पीक वाटतं. चितळ्यांनी १९५० साली पुण्यात दुकान काढलं तेव्हा कोणता सीएमओ होता? लिज्जत १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन उभं केलं. माल चोख ठेवा, वजन पुरं द्या, गिऱ्हाईक आपोआप येतं. ६० हजारांत आणखी चार बायकांना काम मिळेल.

जर्सीकर | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:४८

पेठकरी, माल चोख हवा याबद्दल दुमत नाही. पण तुमचीच उदाहरणं घेतो. लिज्जतमध्ये मार्केटिंगचं पद नव्हतं, पण निर्णय होते. पापड लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण, पीठ शाखेत एकाच मापाने मळून वाटायचं, म्हणजे बोरिवलीचा पापड आणि गिरगावचा पापड चवीला एकच. तो सशाचा चेहरा टीव्हीवर पुष्कळ नंतर आला. चव एक ठेवायची हा निर्णय आधी झाला होता.

मी इथे न्यू जर्सीत हेच काम करतो. एका वेळी तीन लहान कंपन्यांचा अर्धवेळ मार्केटिंग प्रमुख, प्रत्येकीला आठवड्यात एक-दीड दिवस. म्हणून या पर्यायाची आतली बाजू सांगू शकतो. पहिला महिना मी काहीच "करत" नाही. गिऱ्हाइकांना फोन करतो, विक्रीच्या माणसाबरोबर फिरतो, तक्रारींची वही वाचतो. त्यानंतर मालकासमोर एक पान ठेवतो. आपण कोणासाठी आहोत, त्यांनी दुसऱ्याचं सोडून आपलं का घ्यावं, आणि आपण काय बंद करायचं. तिसरा मुद्दा सगळ्यांत अवघड जातो.

एक जुनं उदाहरण द्यायचा मोह होतोय. चिक शाम्पू. सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये १५ हजार रुपयांवर धंदा सुरू केला. दक्षिणेच्या खेड्यांत बायका केस साबणाने धुवायच्या. शाम्पूची बाटली परवडणारी नव्हती. त्यांनी पुडी विकली, आणि पुढे भाव ५० पैशांवर आणला. मग योजना काढली, कुठल्याही कंपनीच्या रिकाम्या पुड्या आणा आणि एक चिक फुकट न्या. नंतर हळूच अट बदलली, रिकाम्या पुड्या फक्त चिकच्याच चालतील. यात जाहिरात किती आहे? पुडीचा आकार, भाव, दुकानदाराकडून गिऱ्हाइकापर्यंतची योजना आणि योजना कधी बदलायची याची वेळ, हे सगळं एकाच डोक्यात होतं. मी ज्याला मार्केटिंगचं नेतृत्व म्हणतो ते हे. ते मालकाच्या डोक्यात असेल तर बाहेरून आणायची गरज नाही. नसेल तर मात्र पोस्टर कितीही छान करा, उपयोग नाही.

मेघमल्हार | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:१२

जर्सीकर, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

मालवणी_मुलूख | ९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

आम्ही पर्याय तीन दोन वर्षं वापरला, कुडाळजवळ काजू आणि कोकमाचं युनिट आहे. एक बाई होत्या, मुंबईहून महिन्यातून दोनदा यायच्या. खरं सांगतो, पहिल्या भेटीत त्यांनी जाहिरातीचा ज सुद्धा काढला नाही. गोदामात उभ्या राहून प्रत्येक बरणी हातात घेतली आणि विचारलं, "ही वर्षाला किती जाते? ही का करता?" आमची १९ उत्पादनं होती. आवळा सरबत का करता, तर एका पाहुण्याने सांगितलं म्हणून. जांभळाचं का, तर बाटल्या शिल्लक होत्या म्हणून.

त्यांनी ११ बंद करायला लावली. माझे वडील आठ दिवस जेवताना बोलले नाहीत माझ्याशी. पण त्या ११ मध्ये आमच्या बाटल्या, लेबलं आणि बायकांचे हात अडकले होते. उरलेल्या आठांत आगळ (कोकमाचा दाट रस) आणि सालासकट भाजलेले काजू पुढे आणले, काजूचा भाव किलोमागे ८० रुपयांनी वाढवला. गिऱ्हाईक तुटलं नाही.

मात्र एक अट. बाई निघून गेल्या की पुढचे १३ दिवस ते काम कोणीतरी उचलायला हवं. माझी बायको ते उचलायची. ती नसती तर महिन्यातून दोन दिवस चांगल्या गप्पा झाल्या असत्या, एवढंच.

सोलापुरी_टर्किश | ९ नोव्हेंबर, दुपारी २:०२

मालवणी, शेवटचा परिच्छेद लाख मोलाचा. माझ्याकडे डोकं आणलं होतं, हात नव्हते.

रंगरेषा | ९ नोव्हेंबर, सायंकाळी ५:४५

मी एजन्सीत आहे (ताईंच्या नव्हे!), आमची बाजू मांडते. छोटे धंदेवाले येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, महिन्याला किती पोस्ट देणार? १५ की २०? मग आम्ही २० देतो. कोणासाठी, कशासाठी, हे विचारलं तर उत्तर येतं "सगळ्यांसाठी". मसाला सगळेच खातात, हे खरंच, पण सगळ्यांना एकच वाक्य बोलून कोणी खरेदी करत नाही.

दिवाळीचा गिफ्ट बॉक्स घेणारा माणूस स्वतः मसाला वापरतच नाही. तो कंपनीतल्या लोकांना, सोसायटीत वाटतो. त्याला पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी नवीन द्यायचं असतं. मग ३१ परत आले यात नवल नाही. एजन्सीने हे आधी सांगायला हवं होतं हे मान्य. पण एजन्सीला दिशा देणारं माणूस तुमच्या घरात हवं. एजन्सी हात आहे. हाताने डोक्याचं काम करावं ही अपेक्षा दोघांनाही महागात पडते.

कृष्णाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ८:१०

थोडं अवांतर, पण विषय हळदीचा निघालाय म्हणून. मी सांगलीजवळच्या हरिपूरचा. आमच्या लहानपणी हळद पेवात असायची. जमिनीखाली खोल खड्डा, तोंड लहान, आत पोट मोठं. इथली मातीच अशी की वर्षानुवर्षं हळदीला कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा जाऊ द्यायची, असं आजोबा बजावायचे. २००५ च्या पुरात पुष्कळ पेवं गेली, २०१९ ला उरलेल्यांना फटका बसला. आता माल शीतगृहात असतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची कायदेशीर ओळख) मिळालं, त्याला या मातीचा आणि पेवांचा इतिहास आहे. ताई, तुमच्या पाकिटावर यातलं काही लिहिलंय का?

हळदीवाली | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

कृष्णाकाठ दादा, नाही हो. पाकिटावर "शुद्ध व नैसर्गिक" लिहिलंय. ते तर सगळेच लिहितात, हे तुमचं वाचताना लक्षात आलं.

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी एक गोष्ट कालच्या पोस्टमध्ये राहिली. एका दुकानांच्या साखळीकडून विचारणा आहे, २२ दुकानांत माल ठेवू म्हणतात. त्यांचं मार्जिन ३५ टक्के, आम्हाला पैसे ७५ दिवसांनी. महिन्याला ६ लाखांचा माल जाईल असा त्यांचा अंदाज. मिस्टर म्हणतात घ्यायची, नाव होईल. मला रात्री झोप लागत नाही.

आकडेमोड | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५५

घाई करू नका. महिन्याला ६ लाख, ७५ दिवस, म्हणजे १५ लाख कायम त्यांच्याकडे अडकून. मिरची-हळद तुम्ही हंगामात रोखीने घेता, तो पैसा कुठून आणणार? कॅश क्रेडिटचं (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं) व्याज धरलं आणि ३५ टक्के मार्जिन काढलं तर हातात काय उरतं ते कागदावर मांडा.

आणि कायदा माहीत असू द्या. तुम्ही उत्पादक आहात आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर सूक्ष्म उद्योगात बसता. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे पैसे थकवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर असं आहे की वेळेत पैसे दिले नाहीत तर ते देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. ७५ दिवसांची अट मुळात बसतच नाही. उद्यम नोंदणी फुकट होते, केली नसेल तर उद्याच करा.

पेठकरी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

या मुद्द्यावर सीएसाहेबांशी शंभर टक्के सहमत. उधारीवर वाढलेला धंदा ही वाढ नव्हे.

सल्लागाराबद्दल माझं मत कायम आहे. मालकिणीपेक्षा जास्त तिच्या गिऱ्हाइकाला कोण ओळखणार?

जर्सीकर | १० नोव्हेंबर, पहाटे ५:४०

पेठकरी, ओळखायला हवं, पण वेळ मिळतो का? ताई ऑर्डर घेतात, मिरची खरेदी बघतात, १४ जणींचा पगार करतात. साखळीवाल्यांना हो म्हणायचं की नाही हा मार्केटिंगचाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधायला त्यांच्याकडे रात्री ११ नंतरचा वेळ उरतो. बाहेरच्या माणसाचा पहिला उपयोग हा की तो मालकाला महिन्यातून चार दिवस बसवतो.

ताई, एक सुचवू? कोणालाही पैसे देण्याआधी तीन वर्षांची बिलं काढा. तीनदा किंवा जास्त वेळा घेतलेल्यांची यादी करा. त्यातल्या ४० जणांना तुम्ही स्वतः फोन करा. काही विकू नका, फक्त विचारा, पहिल्यांदा का घेतलंत आणि परत का घेतलंत.

वऱ्हाडी_ठेचा | १० नोव्हेंबर, सकाळी ११:००

आमच्या वायगावच्या हळदीला मानांकन २०१६ लाच मिळालं बरं का, सांगलीच्या दोन वर्षं आधी. एवढं नोंदवून ठेवतो. बाकी चर्चा झकास, फोनचं काय झालं ते नक्की लिहा.

कृष्णाकाठ | १० नोव्हेंबर, सकाळी ११:२५

वऱ्हाडी दादा, नोंद घेतली. या एकदा सांगलीला, मार्केट यार्डात हळदीचे सौदे दाखवतो आणि मग ठरवू पिवळं कोण जास्त.

हळदीवाली | २ डिसेंबर, रात्री ९:१५

मंडळी, तीन आठवडे गायब होते. बिलं काढत होते. लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

माझी भाची आमच्याकडे ऑर्डरींचं काम बघते. ती आणि मी रोज रात्री जेवणं उरकली की बसायचो, मी टॅलीतून (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून) नाव वाचायची, ती वहीत रेघ मारायची. थेट घरी घेणारी गिऱ्हाइकं तीन वर्षांत २,९०० च्या आसपास. तीनदा किंवा जास्त वेळा घेणारी निघाली ४१२. भाची मग म्हणाली, मावशी, यांनी पहिल्यांदा कधी घेतलं तेही लिहू या. लिहिलं. ४१२ पैकी २८७ जणांची पहिली ऑर्डर मार्च ते मे मधली. दिवाळीचं जवळजवळ कोणीच नाही. आणि पत्ते बघितले तर पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई. पण आडनावं सगळी आमच्याकडची! तासगाव, विटा, इस्लामपूर, जयसिंगपूर या भागातली.

मग फोन सुरू केले. ४० ठरवले होते, ५३ झाले. पहिल्या पाच-सहा फोनना आवाज कापत होता. नंतर लोकच सोडेनात. पिंपरीच्या एक ताई म्हणाल्या, "आई दर उन्हाळ्यात चटणी करून पाठवायची. बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचे खडे. आता तिच्याच्याने मिरची भाजणं होत नाही, खोकला लागतो. तुमची पहिल्यांदा उघडली तेव्हा वास आला आणि मी तशीच स्वयंपाकघरात उभी राहिले." त्या थांबल्या, मीही थांबले. भाचीने वहीत काहीच लिहिलं नाही तेव्हा.

५३ पैकी ३८ जणांच्या बोलण्यात आई, सासू किंवा मोठी जाऊ आली. चटणी करणारा घरातला हात थकलाय किंवा गेलाय. तो हात त्यांना हवाय. आणि आम्ही काय विकत होतो? गिफ्ट बॉक्स.

दुसरी गोष्ट ऐकून पोटात गोळा आला. दोन वर्षांपूर्वी एजन्सीने सुचवलं होतं की शहरातल्या लोकांना झेपेल असं कमी तिखट करा. आम्ही पार्सलच्या चटणीतली लवंगी मिरची कमी करून ब्याडगी वाढवली. नऊ जणांनी न विचारता सांगितलं, "हल्ली तुमची चटणी पूर्वीसारखी नाही." एक काका तर म्हणाले, "पुण्यात राहतो म्हणून जीभ बदलली नाही आमची." तिसरं, २०० ग्रॅमच्या झिपच्या पाकिटांचा सगळ्यांना वैताग. त्यांना वर्षाची साठवण हवी असते, तीन किलो, पाच किलो, एकदम.

हे सगळं माझ्याच बिलात पडून होतं.

आता काय ठरवलंय ते. पूर्णवेळ माणूस नाही. एजन्सी सध्या थांबवली. मिस्टरांच्या ओळखीच्या गृहस्थांना सहा महिन्यांसाठी बोलावलंय, महिन्याला चार दिवस. पण मालवणी दादा आणि सोलापुरी दादांचं लक्षात ठेवून आधी दोन गोष्टी पक्क्या केल्या. भाचीला ऑर्डरींमधून मोकळं करून हेच काम दिलं, पगार सहा हजारांनी वाढवला, ऑर्डरींना दुसरी मुलगी घेतली. आणि कागदावर लिहून सही केली की भाव, पाकिटाचं वजन आणि कोणत्या दुकानात माल ठेवायचा या तीन गोष्टी त्यांना विचारल्याशिवाय आम्ही दोघं बदलणार नाही. मिस्टरांना सही करायला दोन दिवस लागले.

साखळीवाल्यांना नम्रपणे नाही कळवलं. त्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक ५० ग्रॅमचं पाकीट उचलणारं आहे, माझं ते नाही.

सोलापुरी_टर्किश | २ डिसेंबर, रात्री ९:४०

ताई, दोनदा वाचलं. त्या सहीच्या कागदाचं नमुना म्हणून छायाचित्र मिळेल का? मला माझ्या मुलाबरोबर तोच करार करायचाय.

रंगरेषा | २ डिसेंबर, रात्री १०:०५

त्या पिंपरीच्या ताईंचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. आम्ही महिनाभर बसून असं एक वाक्य लिहू शकलो नसतो. ताई, जाहिरात करायची वेळ येईल तेव्हा त्यांची परवानगी घेऊन तेच शब्द वापरा, एकही बदलू नका. कमी तिखट करायचा सल्ला देणाऱ्यांनी एक तरी फोन करायला हवा होता.

आकडेमोड | ३ डिसेंबर, सकाळी ८:००

उत्तम. दोन कामं सांगून ठेवतो. नावाचा ट्रेडमार्क घेतलाय का? मसाले वर्ग ३० मध्ये येतात. उद्यम प्रमाणपत्र असलं की ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क, एरवी कंपनी-भागीदारीला ९,०००. नोंदणी दहा वर्षं टिकते, मग नूतनीकरण. आणि पाकिटावर सांगलीच्या मानांकनाचा उल्लेख करायचा असेल तर नुसतं छापू नका, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. नाव मोठं झाल्यावर धावाधाव नको.

साठवणीच्या ऑर्डरींना आगाऊ निम्मे पैसे घेता आले तर मिरची खरेदीचा भांडवलाचा ताणही हलका होईल.

पेठकरी | ३ डिसेंबर, सकाळी ९:२०

ताई, अभिनंदन. पण बघा, जे सापडलं ते तुम्हाला आणि भाचीला सापडलं, सल्लागाराने नव्हे. मी म्हणत होतो ते हेच.

हळदीवाली | ३ डिसेंबर, सकाळी १०:३५

पेठकरी काका, खरंय. पण जर्सीकर दादांनी बसवलं नसतं तर मी बसले नसते. बिलं तीन वर्षं कपाटातच होती. आणि सापडलं ते एवढंच की गिऱ्हाईक कोण. आता तीन किलोला भाव काय लावायचा, १७ पैकी कोणते प्रकार थांबवायचे, जुन्या दुकानदारांना न दुखावता हे कसं करायचं, याला अनुभवी माणूस हवाच. ते गृहस्थ मेतकूट थांबवायचं म्हणतायत. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

सीएसाहेब, ट्रेडमार्क नाहीये. या आठवड्यात करते. आगाऊ पैशाचं डोक्यात आलंच नव्हतं.

मालवणी_मुलूख | ३ डिसेंबर, सकाळी ११:१०

सासूबाईंना सांगताना गृहस्थांना सोबत बसवा. आणि मेतकूट घरापुरतं करत राहा, त्यांच्या हाताने. आमच्या वडिलांसाठी जांभळाचं सरबत आम्ही अजून वर्षाला ४० बाटल्या करतो, विकत नाही.

वाचनमात्र | ३ डिसेंबर, रात्री ११:५०

सहा वर्षं सदस्य आहे, पहिला प्रतिसाद. मी ठाण्यात, माहेर विट्याचं. आईला जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. शेवटची बरणी तळाशी थोडी ठेवलीये, संपवत नाही. लवंगी पूर्वीएवढी घालणार असाल तर तीन किलो हवी. नोंदणी कधीपासून?

हळदीवाली | ४ डिसेंबर, सकाळी ६:१५

ताई, लवंगी पूर्वीएवढीच. नवीन मिरची आली की उन्हात दोन-तीन दिवस घालून देठ काढतो, कांडप मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल. नोंदणी १ फेब्रुवारीपासून, भाची बघेल. तुमची आई चटणीत खोबरं भाजून घालायची की कच्चं, आणि तीळ असायचे का, तेवढं मला व्यक्तिगत संदेशात कळवा. विट्याकडे दोन्ही पद्धती आहेत.